दिवाळी अंकाच्या तोंडावर गेलेल्या फायली : सदाशिव पेठेतल्या एका डीटीपी ऑफिसचं प्रकरण

अप्पा बळवंत चौकापासून चालत दहाएक मिनिटांवर, वाडा पाडून बांधलेल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर हे ऑफिस आहे. मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांच्या वडिलांचा खिळ्यांचा छापखाना होता. तो बंद झाल्यावर काकांनी संगणकावरची अक्षरजुळणी, म्हणजे डीटीपी, सुरू केली. तीन संगणक, एक लेझर प्रिंटर, दोन ऑपरेटर. थोरल्या ऑपरेटर म्हणजे ताई. ऑफिस खरं तर त्याच चालवतात. कथासंग्रह, संस्थांचे अहवाल, स्मरणिका, अधूनमधून एखादा कुळवृत्तांत आणि भाद्रपद उजाडला की दिवाळी अंक, अशी कामं. मी अशा छोट्या ऑफिसांचे संगणक बघतो. इथे मला बोलावलं ते सगळं होऊन गेल्यावर, सप्टेंबर २०२२ मध्ये. त्यामुळे आधीच्या घडीबद्दल लिहितोय ते काका-ताईंनी सांगितलेलं आणि मशीनवर दिसलेलं.

त्याआधी कुणी ‘बॅकअप आहे का’ असं विचारलं असतं तर काकांनी छातीठोकपणे हो म्हटलं असतं, आणि ते खोटं ठरलं नसतं. ताईंच्या मशीनवर ‘जॉब्ज’ नावाचा फोल्डर होता, नेटवर्कवर सगळ्यांना खुला. त्याच मशीनला मागून दोन टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क कायमची जोडलेली. रोज निघताना ताई चालू कामं उचलून तिच्यावर टाकायच्या. शिवाय गूगल ड्राइव्ह. शिवाय कपाटात एक जुनी डिस्क. पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम प्रसिद्ध आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. नुसतं मोजलं तर हे ऑफिस जवळजवळ पास होतं. मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच मोठ्या ऑफिसांत इतकंही नसतं.

घोळ मोजणीत नव्हताच. चारांपैकी तीन प्रती एकाच संगणकाच्या हाताशी होत्या. त्या संगणकाचं जे होईल ते त्यांचंही होणार होतं. आणि चौथी प्रत कुणीच बऱ्याच दिवसांत उघडून पाहिलेली नव्हती.

काय झालं

पितृपक्ष चालू होता. दोन दिवाळी अंकांची पानं लागत होती. एका संस्थेने अहवालाचा मजकूर पीडीएफमध्ये पाठवला होता आणि तो वर्डमध्ये हवा होता. नव्याने लागलेल्या मुलाने त्यासाठी एका नावाजलेल्या सॉफ्टवेअरची ‘क्रॅक’ केलेली प्रत उतरवली. सोबतच्या सूचनेत लिहिलं होतं की बसवताना अँटिव्हायरस बंद ठेवा. त्याने ठेवला. ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर सगळे अ‍ॅडमिन म्हणूनच, म्हणजे सगळे अधिकार घेऊन बसत, त्यामुळे विंडोजनेही काही आडकाठी केली नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर ताईंनी अंकाची फाइल उघडायला घेतली तर आयकॉन पांढराफटक. नावापुढे चार अनोळखी अक्षरांचं शेपूट. शेजारच्या फायलीला तेच, त्याच्या वरच्या फोल्डरमध्ये तेच, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एक टेक्स्ट फाइल. तिच्यात इंग्रजीत मागणी: ९८० डॉलर, आणि ७२ तासांत संपर्क साधल्यास निम्मे, म्हणजे ४९०. ताईंच्या डोळ्यांदेखत खालच्या फोल्डरमधली नावं एकेक करून बदलत होती. त्यांनी कुणाला न विचारता भिंतीतला स्विच बंद केला आणि नेटवर्कच्या डब्यातून वायरी उपटल्या. संगणक असा धाडकन बंद करावा का, यावर जाणकारांत वाद आहे. या दिवशी त्यामुळे तिसरं मशीन वाचलं, एवढं मी सांगू शकतो.

चार अक्षरांचं शेपूट, रीडमीची भाषा आणि रक्कम यांवरून प्रकार ओळखायला वेळ लागला नाही. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हू’ या नावाने ओळखलं जाणारं हे खंडणीखोर सॉफ्टवेअर. मोठ्या कंपन्यांच्या वाटेला ते फारसं जात नाही. चोरीची सॉफ्टवेअरं उतरवणारे घरगुती वापरकर्ते आणि छोटी ऑफिसं हेच त्याचं गिऱ्हाईक. त्याच्या दोन गोष्टी या प्रकरणात महत्त्वाच्या ठरल्या.

पहिली किल्लीची. हे सॉफ्टवेअर फायलींना जणू कुलूप घालतं, आणि त्या सोडवायला त्याचीच गुप्त किल्ली लागते. चालू होताना त्याला आपल्या सर्व्हरशी बोलता आलं नाही, तर ते स्वतःजवळची ठरलेली किल्ली वापरतं आणि ती अनेकांना सारखीच असते. अशी किल्ली हाती लागली की फायली सुटू शकतात. एम्सिसॉफ्ट या कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये १४८ प्रकारांसाठी मोफत साधन आणलं, त्यात हाही मार्ग आहे. कुठली किल्ली लागली आहे ते ओळखायची खूण साधी: सी ड्राइव्हवरच्या एका छोट्या फाइलमध्ये आपल्याला दिलेला ओळख क्रमांक असतो, त्याच्या शेवटी ‘टी१’ असेल तर आशा. इथे शेवटी काहीतरी भलतंच होतं. इंटरनेट व्यवस्थित चालू असल्यामुळे या मशीनपुरती वेगळी किल्ली बनली होती आणि ती त्या टोळीकडेच होती.

दुसरी गोष्ट घाईची. हे सॉफ्टवेअर पूर्ण फाइल गुंडाळत बसत नाही. फाइलचे पहिले साधारण १५० केबीच बिघडवतं. तेवढ्याने बहुतेक फायली मरतात. बहुतेक. सगळ्या नाही.

खंडणी भरायची का, हा प्रश्न काकांनी गंभीरपणे विचारला. त्या वेळच्या भावाने निम्मी रक्कम म्हणजे सुमारे ४० हजार रुपये. एका अंकाच्या बिलात निघाले असते, असं ते म्हणाले. मी नको म्हटलं. पैसे भरून किल्ली येईलच याची हमी नव्हती, आणि शिवाय अजून काय हाती लागतंय हे आम्ही पाहिलंच नव्हतं. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली. त्याही आधी एक काम केलं, जे लोक हमखास विसरतात: मेल, बँक आणि बाकीचे सगळे पासवर्ड काकांच्या मोबाइलवरून बदलले. या सॉफ्टवेअरबरोबर ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड चोरणारं दुसरं काहीतरी बरेचदा येतं. बाधित मशीनवर बसून पासवर्ड बदलला तर तो नवा पासवर्डही चोराला पोचतो.

काय हाती लागलं

कायम जोडलेली डिस्क पूर्ण गेली होती, अपेक्षेप्रमाणे.

गूगल ड्राइव्हची गंमत वेगळी. ते सिंक होतं. इथे बिघडलं की तिथेही इमानेइतबारे बिघडतं. गूगल जुन्या आवृत्त्या ठेवतं, पण ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या इतक्याच. इथे मात्र फुकटची १५ जीबी जागा जूनमध्येच भरली होती. मेल, फोटो आणि फायली यांची मिळून ती जागा असते आणि काकांच्या फोनवरचे नातवाचे व्हिडिओ तिथेच जात होते. ‘जागा संपली’ ही सूचना रोज येत होती आणि रोज बंद केली जात होती. त्यामुळे बिघडलेल्या फायली वर चढूच शकल्या नाहीत, आणि जूनपर्यंतच्या काही कामांच्या चांगल्या प्रती तशाच राहिल्या. निष्काळजीपणाचा असा फायदा क्वचितच होतो.

कपाटातली डिस्क ताईंची. २०२० च्या लॉकडाउनमध्ये त्या धायरीला घरून काम करत होत्या, तेव्हा सगळा ‘जॉब्ज’ फोल्डर तिच्यावर नेला होता. २०२१ च्या सुरुवातीला डिस्क परत आली, केबल घरी राहिली ती हरवली. चपट्या, रुंद तोंडाची केबल. मोबाइलची टाइप-सी केबल तिथे लागत नाही. तेवढ्यासाठी डिस्क दीड वर्ष कपाटात पडून होती आणि तेवढ्याचसाठी वाचली. तपकीर गल्लीतून केबल आणली. जोडण्याआधी तिसरं मशीन पूर्ण पुसून, नव्याने विंडोज टाकून घेतलं, इंटरनेट न देता. डिस्क सुरू झाली. फेब्रुवारी २०२१ पर्यंतचं जवळजवळ सगळं तिच्यावर होतं.

हे लिहिताना मला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण आठवतं. ३१ जानेवारी २०१७ ला त्या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या वेगवेगळ्या व्यवस्था होत्या, वेळेवर एकही कामाला आली नाही. सहा तासांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली प्रत होती, तिच्यावर निभावलं. त्यांनी ते सगळं जाहीरपणे लिहिलं, म्हणून आपल्याला कळलं. जगभरच्या अभियंत्यांची कंपनी काय आणि सदाशिव पेठेतले तीन संगणक काय, वाचवणारी प्रत दोन्हीकडे योजनेबाहेरची होती.

मग १५० केबीची गोष्ट. आधीच्या एका ऑपरेटरने जागा वाचवायला २०१५ ते २०१८ ची कामं वर्षवार झिप करून ठेवली होती. झिपमध्ये आतल्या फायलींची यादी शेवटी असते. डोकं उडालं तरी यादी शाबूत राहते, आणि मोठ्या झिपमधली पहिली एखाददुसरी फाइल सोडली तर बाकीच्या बाहेर काढता येतात. ही वर्षं कपाटातल्या डिस्कवर होतीच. पण ताई ती २०२२ मध्ये पुन्हा उघडून, दुरुस्त करून, नव्या आवृत्त्यांसाठी झिपमध्येच परत टाकत होत्या. त्या दुरुस्त्या अशा वाचल्या.

चालू दिवाळी अंकांना हात दिला तो मात्र छापखान्याच्या मेलबॉक्सने आणि कागदाने. एका अंकाचे पहिले चार फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापायच्या पानांचे गट) पीडीएफ करून छापखान्याला गेले होते. ते परत मागवले. जुन्या फाँटमधल्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी हाती येते, पण पान जसंच्या तसं नव्या फाइलमध्ये ठेवता येतं. तसं ठेवलं. उरलेल्या पानांसाठी लेखकांच्या मेल होत्या, त्यात प्रुफांनंतरच्या दुरुस्त्या नव्हत्या. त्या होत्या ताईंच्या पिशवीत. पुस्तक छापून हातात पडेपर्यंत लाल शाईची प्रुफं टाकायची नाहीत ही त्यांची जुनी सवय. प्रुफांवरून पुन्हा दुरुस्त्या घातल्या. दोन्ही अंक बाजारात आले, एक वसुबारसेच्या आदल्या दिवशी.

कुळवृत्तांत

खरं नुकसान इथे होतं. एका घराण्याच्या कुळवृत्तांताचं काम जवळजवळ दीड वर्ष चाललं होतं. संपादक ऐंशीच्या घरातले एक निवृत्त गृहस्थ, सहकारनगरला राहणारे. दर पंधरा दिवसांनी बसने यायचे, वहीच्या पानाच्या पावभर आकाराच्या चिठ्ठ्या घेऊन: कोण कुठे गेलं, कुणाची सून कुठली, कुणाच्या नावापुढे चुकून दोनदा जन्मसाल पडलंय. वंशवेलींची पानं पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये एकेक रेघ ओढून केलेली. कपाटातल्या डिस्कवर यातलं काहीच नव्हतं, कारण कामच २०२१ च्या उन्हाळ्यात सुरू झालं. ड्राइव्हवर जूनची अर्धवट प्रत. मेल नाही, सगळं समक्ष.

काकांनी त्यांना फोन केला नाही; स्वतः घरी गेले. आजोबांनी ऐकून घेतलं आणि आतून एक खोका आणला. ‘‘चिठ्ठ्या तुमच्याकडे देण्याआधी झेरॉक्स काढायचो. तुमच्यावर अविश्वास नव्हता हो. पद्धत आहे.’’ प्रत्येक चिठ्ठीवर तारीख, आणि कोपऱ्यात वंशवेलीच्या पानाचा क्रमांक. ऑफिसातल्या फायलींना ‘वंशवेल फायनल’, ‘वंशवेल फायनल नवीन’, ‘आजोबांनी पाहिलेली’ अशी नावं होती. खोक्यातलं काहीही दोन मिनिटांत सापडत होतं.

जूनची प्रत आणि त्यानंतरच्या चिठ्ठ्या यांवरून काम पुन्हा उभं राहिलं, पण त्याला हिवाळा गेला, आणि ते ऑफिसने पदरमोड करून केलं. सूची पूर्ण नव्याने करावी लागली.

कुठली खरी

फायली परत मिळणं हा निम्मा भाग झाला. चार वाटांनी आलेल्या प्रती एकत्र केल्यावर एकाच पुस्तकाच्या सहा-सहा फायली समोर आल्या. नावांवर भरवसा नाही. तारखांवरही नाही, एका डिस्कवरून दुसरीवर नेताना ‘तयार झाल्याची तारीख’ नवी पडते, आणि कुणी नुसती फाइल उघडून सेव्ह केली तरी ‘बदलल्याची तारीख’ पुढे सरकते. तंतोतंत सारख्या प्रती आधी बाजूला काढल्या. त्यासाठी नाव बघत नाहीत, फाइलचा हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून निघणारा आकडी ठसा, काढतात; आतला एक स्वल्पविराम वेगळा असला तरी हॅश बदलतो. ते काम संगणकाने केलं. उरलेल्यांत छापलेल्या पुस्तकाशी कोण जुळतं ते ताईंनी कपाटातली पुस्तकं काढून पाहिलं. दुसरा उपाय नव्हता.

पुढच्या रचनेसाठी मी इंटरनेटवरचा कुठलाही नमुना आणला नाही. काकांकडे बिलांचं एक लांबट रजिस्टर आहे, वडिलांच्या वेळेपासूनच्या पद्धतीचं. प्रत्येक कामाला जॉब नंबर, तो बिलावर, पाकिटावर, प्रुफांच्या कोपऱ्यात. फक्त संगणकावर नव्हता. आता फोल्डरचं नाव म्हणजे तोच नंबर आणि पुढे पुस्तकाचं छोटं नाव. आत तीनच फोल्डर: आलेलं, चालू, गेलेलं. फाइलच्या नावात तारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे नावाने लावलं की आपोआप काळानेही लागतं. ‘फायनल’ हा शब्द ऑफिसात नावापुरताही वापरायचा नाही, असं ताईंनी ठरवलं. मी सुचवलं नव्हतं, पण मला ते फार आवडलं.

काम गेलं की इनडिझाइन या पानं लावायच्या नव्या प्रोग्रॅममधली ‘पॅकेज’ आज्ञा द्यायची. ती फाइल, त्यात वापरलेली चित्रं आणि फाँट एका जागी गोळा करते. याची किंमत ताईंना कळली ती पहिल्या तपासणीत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी रजिस्टरमधून कुठलाही एक नंबर काढायचा, नव्या मुलाने ती फाइल बॅकअपच्या डिस्कवरून आणून एक पान छापून दाखवायचं, असा नेम घातला होता. (मुलाला काढून टाका असं एकाने सुचवलं होतं. काकांनी ऐकलं नाही, आणि आज डिस्कचं सगळं तोच पाहतो.) पहिल्याच शनिवारी पान आलं, चित्राच्या जागी करडा चौकोन. चित्र कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून थेट लावलेलं होतं.

डिस्क आता दोन आहेत. एक आठवडाभर ऑफिसच्या कपाटात, दुसरी बाहेर, शनिवारी अदलाबदल. बॅकअप घेण्यापुरतीच जोडायची, झाला की काढायची. आरसा धरल्यासारखी नक्कल करणारा आदेश मुद्दाम टाळला. विंडोजच्या रोबोकॉपी या प्रती काढणाऱ्या प्रोग्रॅमला ‘मिर’ सांगितलं तर तो मूळ जागी जे नाही ते प्रतीतूनही पुसतो, आणि मूळ बिघडलं तर बिघाडही उतरवतो. त्याऐवजी बदललेल्या फाइलची जुनी प्रत तारखेच्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवणारा मोफत प्रोग्रॅम लावला. रोज बसायला साधी खाती, अ‍ॅडमिनचा पासवर्ड वेगळा. ड्राइव्हची जागा विकत घेतली, चालू कामांपुरती. बाहेर जाणाऱ्या डिस्कला कुलूप आहे, कारण तिच्यावर लोकांची अप्रकाशित हस्तलिखितं असतात; कुलपाची किल्ली कागदावर छापून काकांच्या घरच्या दस्तांत.

डिस्कांची खरेदी पितृपक्षात नको म्हणून घटस्थापनेपर्यंत थांबली. तोवर माझी उसनी डिस्क चालली. बाहेरची डिस्क कुठे ठेवायची यावर जास्त चर्चा झाली. काकांच्या धाकट्या भावाचं घर सिंहगड रस्त्याला, नदीकडच्या बाजूला, तळमजल्यावर. मी नको म्हटलं तेव्हा काकांनीच विषय संपवला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा वडिलांचा छापखाना नारायण पेठेत होता. खिळे धुऊन पुन्हा वापरता आले, छापून ठेवलेल्या फर्म्यांचा लगदा झाला. सप्टेंबर २०१९ मधला आंबिल ओढ्याचा पूर तर सगळ्यांना ताजा होता. डिस्क कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर, काकांच्या घरी जाते. पुढे जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा भावाच्या घरातही गुडघाभर होतं.

अजून न सुटलेलं

कपाटातल्या डिस्कवरच्या जुन्या फायली परत आल्या, पण त्यातल्या कितीतरी उघडण्यासाठी एकच संगणक उरलाय. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७, आली २००१ मध्ये. त्या फायली थेट उघडणारं शेवटचं इनडिझाइन म्हणजे सीएस६. त्यापुढच्या आवृत्त्या नकार देतात. मजकूर युनिकोडच्या, म्हणजे आताच्या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फाँटमध्ये, आणि तो फाँटसंच चालायला संगणकाच्या मागे हार्डवेअर लॉक नावाचं छोटं उपकरण लावावं लागतं. लॉक एकच आहे. ते गेलं तर फायली जशाच्या तशा असूनही वाचता येणार नाहीत, आणि लॉकचा बॅकअप घेता येत नाही. जुन्या विंडोजचं ते मशीन इंटरनेटपासून तोडून ठेवलंय. जवळजवळ सगळ्या जुन्या कामांच्या पीडीएफ काढून झाल्या. पुन्हा छापता येतील, दुरुस्त करता येणार नाहीत.

सगळं युनिकोडमध्ये आणायचं तर रूपांतर झाल्यावरही जोडाक्षरं आणि रफार ओळीओळीने तपासावे लागतात. काकांचं म्हणणं, ज्या पुस्तकांची पुढची आवृत्ती निघेल तीच करू. ताईंचं म्हणणं, कुठली निघेल हे कुणाला माहीत असतं. सध्या प्रकाशकाने आवृत्ती मागितली की तेवढं पुस्तक करायचं आणि रूपांतराचा खर्च वेगळा लावायचा, असं चाललंय. दोन प्रकाशकांनी तो दिला, एकाने जुनीच पीडीएफ छापा म्हणून सांगितलं.